तीन वर्षांचा हिशेब, एकोणीस सामन्यांचा मुकुट

पहिल्या सहामाहीत चौथा क्रमांक, दुसऱ्या सहामाहीत नववा. वीस संघांच्या स्पर्धेत ही कामगिरी मिरवण्याजोगी नाही, पण लाजेने मान खाली घालण्याजोगीही नाही. अर्जेंटिनाच्या सर्वोच्च फुटबॉल श्रेणीत २०१०-११ च्या मोसमात रिव्हर प्लेटने नेमकी हीच कामगिरी केली. तरीही १९०१ मध्ये स्थापन झालेला, तिसाहून अधिक राष्ट्रीय विजेतेपदे नावावर असलेला हा क्लब त्याच मोसमाच्या अखेरीस वरच्या श्रेणीतून खाली गेला. असे त्याच्या इतिहासात पहिल्यांदाच घडले. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ही बातमी एका बलाढ्य संस्थेच्या अधःपतनाची कहाणी म्हणून छापली. ती तशी होतीच. पण कोणाला खाली पाठवायचे हे जो नियम ठरवतो, त्याची झाडाझडती त्या गदारोळात फारशी झाली नाही.

नियम सांगायला सोपा आहे. खालच्या श्रेणीत कोण जाणार हे त्या वर्षीच्या गुणतक्त्यावरून ठरत नसे. मागच्या तीन मोसमांतले एकूण गुण भागिले त्या काळात खेळलेले सामने, ही सरासरी काढली जाई. सरासरीत तळाला असलेले दोन संघ थेट खाली जात. त्यांच्या वरच्या दोघांना दुसऱ्या श्रेणीतल्या तिसऱ्या आणि चौथ्या संघाशी दोन-दोन सामने खेळून आपली जागा राखावी लागे. अर्जेंटिनाची वर्तमानपत्रे गुणतक्त्याशेजारी सरासरीचा तक्ता तितक्याच ठळकपणे छापत, आणि तळाच्या संघांचे चाहते पहिल्यापेक्षा दुसऱ्याकडेच डोळे लावून बसत.

रिव्हरचे आकडे पाहण्यासारखे आहेत. २००८-०९ मध्ये ४१ गुण, २००९-१० मध्ये ४३, २०१०-११ मध्ये ५७. प्रत्येक मोसमात ३८ सामने. म्हणजे ११४ सामन्यांत १४१ गुण आणि सरासरी १.२३७. शेवटच्या मोसमाची स्वतंत्र सरासरी मात्र १.५ येते. तीनपैकी सर्वांत चांगल्या वर्षाच्या शेवटी शिक्षा झाली आणि आधीच्या दोन वाईट वर्षांच्या अखेरीस काहीच झाले नाही. २००८ मध्ये तर याहून चमत्कारिक गोष्ट घडली होती. जून महिन्यात दिएगो सिमेओनेच्या मार्गदर्शनाखाली रिव्हरने क्लाउसुरा, म्हणजे मोसमाच्या उत्तरार्धातली स्पर्धा, जिंकली, आणि त्यानंतर लगेच झालेल्या आपेर्तुरात, म्हणजे पुढच्या मोसमाच्या पूर्वार्धातल्या स्पर्धेत, तोच क्लब १४ गुणांसह शेवटचा आला. सहा महिन्यांत विजेता तळाला गेला, पण त्याचे खरे परिणाम समोर यायला अडीच वर्षे लागली.

हा नियम आला १९८३ मध्ये. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९८१ मध्ये, सान लोरेन्सो हा देशातल्या पाच मोठ्या क्लबांपैकी एक खाली गेला होता. एका खराब मोसमाने मोठा क्लब बुडू नये, हाच सरासरीमागचा हेतू असल्याचे अर्जेंटिनात आजही सर्रास बोलले जाते. पहिल्याच वर्षी त्याचा फायदा मिळाला तो रिव्हरला. १९८३ च्या स्पर्धेत १९ संघांमध्ये रिव्हर अठरावा होता. नुसता गुणतक्ता पाहिला असता तर तो तेव्हाच खाली गेला असता. सरासरीने रिव्हरला तारले, मात्र त्याच फटक्यात आणखी एका मोठ्या क्लबचा, रासिंगचा, बळी गेला. शेवटच्या दिवशी इंडिपेंडिएंतेने शेजारच्याच रासिंगला हरवून विजेतेपद साजरे केले. रासिंगची गच्छंती त्याआधीच नक्की झाली होती. एकाच गावातले, आवेयानेदातले, हे दोन क्लब. एकाचा उत्सव आणि दुसऱ्याची शोकसभा एकाच मैदानावर झाली. ज्यांच्यासाठी छत्री उघडली, त्यांच्यातलाच एक पहिल्या पावसात भिजला.

पुढे १९९० च्या दशकात आणखी एक बदल झाला आणि गोंधळ पुरा झाला. वर्षाचे दोन तुकडे झाले, आपेर्तुरा आणि क्लाउसुरा. प्रत्येकात १९ सामने आणि प्रत्येकाचा वेगळा विजेता. २०१०-११ मध्ये आपेर्तुरा एस्तुदियांतेसने ४५ गुणांनी जिंकली. प्रशिक्षक आलेहान्द्रो साबेया होते, ज्यांनी पुढे २०१४ मध्ये अर्जेंटिनाच्या राष्ट्रीय संघाला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले. त्या स्पर्धेत ४३ गुणांवर दुसरा राहिलेल्या व्हेलेझ सार्सफील्डने रिकार्दो गारेकाच्या हाताखाली क्लाउसुरा ३९ गुणांनी जिंकली. वर्षभराची बेरीज केली तर व्हेलेझ ८२ गुणांसह सर्वांच्या पुढे. पण अशी बेरीज मुकुटासाठी कोणी करतच नव्हते.

इथेच व्यवस्थेची मूळ विसंगती दिसते. मुकुट द्यायचा तर १९ सामने पुरेसे, फाशी द्यायची तर ११४ सामन्यांचा पुरावा. चाहत्यांना दर सहा महिन्यांनी नवा विजेता हवा म्हणून यशाची मुदत छोटी झाली. मोठ्या क्लबांना सावरायला वेळ हवा म्हणून अपयशाची मुदत लांबली. दोन्ही सवलती वेगवेगळ्या पाहिल्या तर समजण्यासारख्या आहेत. एकत्र आल्यावर मात्र असा मोसम तयार होतो ज्यात वरच्या संघांना मागचे काही आठवावे लागत नाही आणि खालच्यांना काही विसरता येत नाही.

सरासरीची बाजू घेणारे अगदीच अडाणी नाहीत, हेही मान्य करायला हवे. एका मोसमात दुखापती होतात, पंचांचे निर्णय विरोधात जातात, चेंडू खांबाला लागून बाहेर जातो. तीन वर्षांत दैवाचा वाटा कमी होतो आणि क्लब कसा चालवला गेला ते उघडे पडते, असे त्यांचे म्हणणे. रिव्हरच्या बाबतीत ते पटतेही. त्या तीन मोसमांत सिमेओने, गोरोसितो, आस्त्रादा, काप्पा आणि जे. जे. लोपेझ असे पाच प्रशिक्षक बाकावर बसले. २००९ मध्ये राडामेल फाल्काओ पोर्तोला विकला गेला. कर्जाचा डोंगर वाढत होता. एवढे सगळे एका वर्षाच्या तक्त्यात दिसत नाही, तीन वर्षांच्या सरासरीत दिसते. सरासरी म्हणजे कारभाराचे प्रगतिपुस्तक, असा हा युक्तिवाद आहे.

तो तीन ठिकाणी लंगडा पडतो. एक, कारभारच मोजायचा असेल तर विजेताही तीन वर्षांच्या सरासरीने ठरवावा लागेल, आणि ते कोणालाच नको आहे. दोन, शिक्षा भोगणारे आणि चूक करणारे वेगळे असतात. ज्या संघाने ४१ गुण मिळवले त्यातले कितीतरी खेळाडू २०११ पर्यंत निघून गेले होते. अध्यक्षही बदलले होते. क्लबवर ही पाळी आली तेव्हा खुर्चीवर होते दानिएल पासारेया. रिव्हरच्याच मैदानावर १९७८ मध्ये अर्जेंटिनाचा कर्णधार म्हणून त्यांनी विश्वचषक उंचावला होता.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो रिव्हरच्या दुःखात झाकला गेला. नव्याने वर आलेल्या क्लबाच्या खात्यात मागची वर्षे नसतात. त्याचे गुण फक्त त्याने वरच्या श्रेणीत खेळलेल्या सामन्यांनी भागले जातात. २०१० मध्ये किल्मेस वर आला. त्याचा भाजक ३८, जुन्या क्लबांचा ११४. जुन्या क्लबासाठी एक पराभव म्हणजे ११४ मधला एक, किल्मेससाठी तोच ३८ मधला एक. त्याची प्रत्येक चूक तिप्पट वजनाची ठरते. प्रत्येक विजयही तिप्पट वजनाचा ठरतो हे खरे, पण दुसऱ्या श्रेणीच्या तिजोरीतून उभा केलेला संघ पहिल्याच वर्षी विजयांची रास लावत नाही. किल्मेस एका मोसमात परत खाली गेला. त्याच्यावर कोणी अग्रलेख लिहिला नाही.

उराकानची गोष्टही तशीच विसरली गेली. जुलै २००९ मध्ये, प्रशिक्षक आंहेल काप्पाने बसवलेल्या देखण्या खेळाच्या जोरावर, हा क्लब क्लाउसुराच्या शेवटच्या सामन्यात बरोबरी केली तरी विजेता ठरणार होता. सात-आठ मिनिटे उरली असताना व्हेलेझच्या मॅक्सी मोरालेझने गोल केला आणि मुकुट गेला. दोन वर्षांनी तोच उराकान सरासरीत तळाशी आला. हिम्नासिया ला प्लाताबरोबर बरोबरी झाल्याने जादा सामना झाला, तो ०-२ असा हरून तो खाली गेला. त्या वैभवी मोसमाचे गुण हिशेबात धरूनही तो वाचला नाही. मग हिम्नासियाही निर्णायक लढतीत सान हुआनच्या सान मार्तिनपुढे टिकला नाही.

रिव्हरच्या वाट्याला आला कोर्दोबाचा बेलग्रानो, दुसऱ्या श्रेणीतला चौथा संघ. त्याआधी शेवटच्या फेरीत घरच्या मैदानावर लानूसने रिव्हरला २-१ असे हरवले होते. २२ जूनला कोर्दोबात बेलग्रानोने पहिला सामना २-० जिंकला. त्या सामन्यात तोंडे झाकलेले काही रिव्हर समर्थक कुंपण ओलांडून मैदानात घुसले आणि आपल्याच खेळाडूंच्या अंगावर गेले. चार दिवसांनी रिव्हरच्या मॉन्युमेंटल स्टेडियमवर परतीचा सामना. नियम इथेही वरच्या श्रेणीच्या बाजूने झुकलेला होता. दोन सामन्यांची बेरीज सारखी झाली तर वरचा संघ वरच राहणार, म्हणजे रिव्हरला २-० पुरेसे होते. पहिल्या काही मिनिटांतच रिव्हरच्या मारियानो पावोनेने गोल केला. आणखी एक हवा होता. उत्तरार्धात तासाभराच्या सुमाराला रिव्हरचा बचाव गोंधळला आणि बेलग्रानोच्या फार्रेने बरोबरी साधली. मग रिव्हरला पेनल्टी मिळाली. पावोनेचा फटका गोलरक्षक ओलावेने अडवला. शेवटची मिनिटे खेळलीच गेली नाहीत. प्रेक्षकांनी वस्तू फेकायला सुरुवात केली, पंच सेर्हिओ पेझ्झोत्तांनी सामना थांबवला, आणि स्टेडियमच्या आत-बाहेर दंगल उसळली. अनेक जण जखमी झाले. महिन्याभरातच, २४ जुलैला, याच स्टेडियमवर कोपा अमेरिकाचा अंतिम सामना झाला आणि उरुग्वेने पॅराग्वेला ३-० हरवले.

तेव्हा अनेकांना यात काव्यगत न्याय दिसला. १९८३ मध्ये ज्या नियमाने वाचवले त्यानेच २०११ मध्ये बुडवले. हिशेब चुकता. ही मांडणी ऐकायला छान आहे, पण तिच्यामुळे नियमाला प्रमाणपत्र मिळते. वाकडा नियम एकदा बलवानावर उलटला म्हणून सरळ होत नाही. शिवाय रिव्हर अखेर मैदानावर हरला, बेलग्रानोकडून, दोन सामन्यांत. सरासरीने त्याला त्या दारापर्यंत नेले, पुढचे काम त्याच्याच पायांनी केले. त्याला दैवाचा बळी ठरवणे आणि पापाची फळे भोगणारा ठरवणे, दोन्ही अपुरे आहे.

नियमाचा हेतू काय होता याची साक्ष रिव्हर खाली गेल्याच्या पुढच्याच महिन्यात मिळाली. हुलिओ ग्रोन्दोना १९७९ पासून ज्याचे अध्यक्ष होते, त्या अर्जेंटिनाच्या फुटबॉल महासंघाने पहिली आणि दुसरी श्रेणी एकत्र करून ३८ संघांची स्पर्धा घेण्याची योजना पुढे केली. रिव्हर आपोआप वर आला असता. चाहत्यांनी एवढा आरडाओरडा केला की योजना गुंडाळावी लागली. रिव्हरला दुसऱ्या श्रेणीत खेळावेच लागले. नुकताच निवृत्त झालेला मातियास आल्मेयदा प्रशिक्षक झाला, फेर्नान्दो काव्हेनागी परतला, दाव्हिद त्रेझेगे आला, आणि २३ जून २०१२ रोजी त्रेझेगेच्या दोन गोलांनी आल्मिरांते ब्राउनला हरवून क्लब वर आला. सहा वर्षांनी, डिसेंबर २०१८ मध्ये, त्याने माद्रिदमध्ये बोका ज्युनियर्सला हरवून दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांचा चषक, कोपा लिबेर्तादोरेस, जिंकला. खाली जाण्याने क्लब मरत नाही याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही, आणि मग मोठ्यांना वाचवण्यासाठी सरासरीची गरज तरी काय उरते?

उपाय साधा आहे. विजेता ज्या तक्त्यावरून ठरतो त्याच तक्त्यावरून खाली जाणारेही ठरावेत, मग मुदत सहा महिन्यांची असो वा वर्षाची. अर्जेंटिनाच्या महासंघाने मात्र उलटी वाट धरली. २०१५ मध्ये वरची श्रेणी ३० संघांची केली. महासाथीच्या काळात खाली जाणे स्थगित केले. २०२४ मध्ये मोसम चालू असताना त्या वर्षीची पदावनतीच रद्द केली, आणि २०२५ मध्ये पुन्हा ३० संघ मैदानात उतरले.