साक्ष आणि न्याय

नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’वर (१९७२) अश्लीलतेचा, तर टुपाक शकूरच्या ‘ऑल आईज ऑन मी’ (१९९६) या गँगस्टा रॅपच्या दुहेरी अल्बमवर हिंसेच्या गौरवाचा आक्षेप आला. ढसाळ दलित पँथरचे सहसंस्थापक. शकूरची आई ब्लॅक पँथर पक्षाची सदस्य. दोहोंचे समर्थन अनुभवाच्या सत्यतेने केले जाते. परंतु वाशीम जिल्ह्यातील केनवडच्या वाचकाला कामाठीपुरा आणि लॉस एंजेलिस दोन्ही दूरच. अनुभव तो तपासू शकत नाही. संहितेतील न्याय तपासू शकतो. बोलणाऱ्याहून दुर्बल असलेल्याला तेथे माणूस म्हणून स्थान आहे काय? ‘गोलपिठा’त वेश्या दुःखाची वाटेकरी आहे, शकूरच्या या अल्बममध्ये स्त्री बहुधा उपहासाचा विषय ठरते. शोषिताची साक्ष खरी असूनही अन्यायकारक असू शकते, हे समीक्षेने मान्य केले पाहिजे.