कमी उजेडातली नजर

एखाद्या माणसाला न कळवता त्याच्याकडे पाहता येते, एवढ्या कारणासाठी पाहावे काय? प्रश्न नीतिशास्त्राच्या पुस्तकातला वाटतो. आमच्यापुढे तो आला कॅमेऱ्याच्या भिंगामुळे.

रेंजफाइंडर कॅमेरे बाळगणाऱ्या शौकिनांमध्ये एक जुना वाद आहे. लेन्स फास्ट असावी की स्लो? फास्ट म्हणजे जिचे तोंड रुंद, जी जास्त उजेड आत घेते. एफ/१.४ ची लेन्स एफ/२.८ च्या लेन्सपेक्षा चौपट उजेड घेते. १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याची लेन्स एफ/३.५ ची होती. त्याच कंपनीने २००८ मध्ये एफ/०.९५ ची नॉक्टिलक्स आणली. वजन ७०० ग्रॅम. एका दिव्याच्या खोलीतही तिला फ्लॅश लागत नाही. शौकीन मंडळी हा वाद किंमत, वजन आणि चित्राच्या गोडव्यावर घालतात. आम्हांस तो तेवढाच वाटत नाही.

मुळात रुंद तोंडाची एक किंमत असतेच. हजार वर्षांपूर्वी इब्न-अल-हैसम यांनी ग्रहणाच्या वेळी भोकातून पडणाऱ्या सूर्याच्या प्रतिमेचा अभ्यास केला. भोक बारीक असेल तरच कोर दिसते, मोठे केले की ती कोर हरवते, हे त्यांनी दाखवून दिले. उजेड वाढतो तसा आकार पुसट होतो. भिंगाने ही अडचण बरीच दूर केली, सगळी नाही. ५० मि.मी.ची लेन्स एफ/१ वर उघडून एक मीटरवरच्या माणसाचा फोटो घेतला, तर जेमतेम अडीच सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. डोळा स्पष्ट, कान धूसर. शेजारी बसलेला भाऊ, मागची भिंत, हातातला कप, सगळे धुक्यात. माणूस आपल्या माणसांतून उचलून वेगळा काढला जातो. याला लोक सौंदर्य म्हणतात. असेलही. पण तो माणूस त्या घरात, त्या गोतावळ्यात बसला होता, ही गोष्टही खरीच होती आणि ती फोटोतून गेली.

मोठा प्रश्न मात्र परवानगीचा. फास्ट लेन्सने काय करता येते हे जगाला प्रथम दाखवले ते बर्लिनच्या एरिक सालोमन यांनी. त्यांचा एर्मानॉक्स कॅमेरा रेंजफाइंडर नव्हता, काचेच्या प्लेटा घेणारा होता, पण लेन्स एफ/२ ची होती. १९२८ मध्ये त्यांनी टोपीत कॅमेरा लपवून कोर्टातल्या खून खटल्याचे फोटो काढले. पुढे १९३० मध्ये हेगच्या परिषदेत मध्यरात्र उलटल्यावर पेंगुळलेले मंत्रीही त्यांनी टिपले. दोन्ही वेळा लेन्सची करामत एकच. आमच्या मते दोन्ही कृत्ये मात्र एक नाहीत. मंत्री लोकांच्या अमानतीवर बसलेले असतात. ते बंद दाराआड काय करतात हे पाहण्याचा लोकांना काही हक्क आहे. पिंजऱ्यातला आरोपी आयुष्यातला सर्वांत वाईट दिवस काढत असतो. तो दिवस विकण्याचा हक्क छायाचित्रकाराला कोणी दिला? (याच सालोमन यांना, ते यहुदी होते म्हणून, १९४४ मध्ये ऑशविट्झमध्ये मारण्यात आले. आमची टीका हे विसरून केलेली नाही.)

आमचे एक स्नेही निकाहाचे फोटो काढतात. फ्लॅश नको, बायकांच्या बाजूला फास्ट लेन्स लावली की काम होते, कुणाला कळतही नाही, असे ते कौतुकाने सांगतात. आमचे बोट नेमके त्या 'कळतही नाही'वर आहे. फ्लॅश उद्धट खरा, पण तो निदान ओरडून सांगतो की फोटो काढला. ज्या बाईला नको असेल ती पदर ओढून घेते, रागावते, उठून जाते. सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा हुकूम आधी पुरुषांना आहे, हे आपण वाजमध्ये ऐकतो. त्याच सूरहमध्ये, थोडे आधी, दुसऱ्याच्या घरात शिरण्यापूर्वी परवानगी घ्यायला सांगितले आहे, याची आठवण मात्र कमी वेळा होते. दारावर थाप न मारता आत जाणारी लेन्स कोणत्या सदरात घालायची?

मग स्लो लेन्स सज्जन म्हणायची काय? तसेही नाही. ती अंधारात गरीब असते. कॅमेरा टेकवावा लागतो, १/१५ सेकंद श्वास धरावा लागतो, समोरच्याला 'जरा थांबा' म्हणावे लागते, आणि त्या म्हणण्यातच परवानगी मागितली जाते. पण उन्हात हीच लेन्स फार चपळ. ३५ मि.मी.ची लेन्स एफ/८ वर ठेवून अंतर तीन मीटर लावले, की सुमारे दोन ते सात मीटरपर्यंतचे सारे स्पष्ट येते. फोकस करायलाच नको. बाजारात कॅमेरा छातीशी धरून चालणारा माणूस अशीच शिकार करतो. तेव्हा दोष काचेत शोधू नये.

आता तर डिजिटल सेन्सर अंधारातही पाहू लागले आहेत, स्लो लेन्सलाही रात्र बंद राहिलेली नाही. पूर्वी उजेड कमी पडला की हात आपोआप थांबत असे. आता ते थांबणे ज्याचे त्याने ठरवायचे आहे.

३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी आँरी कार्तिए-ब्रेसाँ दिल्लीत होते. त्याच दुपारी ते गांधीजींना भेटून आले होते. बिर्ला हाउसच्या फाटकावर नेहरू लोकांना मृत्यूची बातमी सांगत आहेत, तो फोटो त्यांनी लायकाने घेतला, फ्लॅशशिवाय. उजेड पुरेसा नव्हता आणि फोटो पुसट आहे. नेहरू तेव्हा लोकांसमोर उभे होते, लोकांशीच बोलत होते.