सात घरांचं अंगण

1997 साली बिल्बाओत गुगेनहाइम संग्रहालय उभं राहिलं आणि मरगळलेल्या शहरांना तोडगाच सापडल्यासारखं झालं: एक भव्य वास्तू उभारा, माणसं आपसूक येतील. मला या बाबतीत नवी मुंबईतल्या बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज जास्त शिकवून जातं. तिथे भव्य असं काहीच नाही.

घुसमटलेल्या मुंबईला मोकळा श्वास मिळावा म्हणून चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1960च्या दशकात खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. 1970 मध्ये ते शहर वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ आलं. आगरी-कोळ्यांच्या 95 गावांची भातखाचरं, मिठागरं संपादनात गेली आणि 1984च्या जासई आंदोलनात शेतकऱ्यांनी प्राण दिले. नवी मुंबईचं कुठलंही कौतुक हे स्मरूनच करावं.

1980च्या दशकातच कोरियांनी पारसिक डोंगराच्या पायथ्याशी ही वसाहत आखली. पांढऱ्या भिंती, उतरती कौलं, साध्या गवंड्याला जमेल असं बांधकाम. सात घरांमध्ये एक अंगण, साधारण आठ बाय आठ मीटरचं. अशी तीन अंगणं मिळून जरा मोठा चौक. इथली खरी कला आखणीत आहे. श्रीमंत असो वा गरीब, भूखंडांच्या आकारात फारसा फरक नाही आणि कुठल्याच घराची भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही. हातात चार पैसे आले की कुणाची मनधरणी न करता खोली वाढवता यावी, एवढी ती सोय.

आणि लोकांनी घरं वाढवली. कौलं उतरली, स्लॅब पडले, ग्रिल लागल्या. कित्येक मूळ घरं पाडून त्या जागी बंगले झाले. वास्तुकलेचे अभ्यासक हळहळतात. मला ती हळहळ पटत नाही. घर वाढणार हे गृहीत धरूनच आराखडा केला होता. भिंती गोठवून ठेवल्या तर त्या आराखड्याचाच अपमान होईल. जपायला हवं ते अंगण, कारण सात कुटुंबांना एकमेकांची सवय तिथेच होते. म्हणून तिथे कायमची उभी राहणारी मोटार मला वाढीव मजल्यापेक्षा जास्त खुपते.

बेलापूर किल्ल्याच्या उरल्यासुरल्या बुरुजाची डागडुजी व्हायलाच हवी. पण वारसा शतकांपूर्वीचाच असतो, ही समजूत पन्नाशीतल्या शहराला परवडणारी नाही. महापालिकेने ही अंगणं आजच मोजून नकाशावर नोंदवावीत, त्यांत बांधकाम आणि पार्किंग होऊ देऊ नये आणि घर वाढवण्याचा रहिवाशांचा हक्क मात्र शाबूत ठेवावा.