प्रवचनाने मन विटले, तर दोष कोणाचा?



'भ्रमनिरास' हा शब्द आपण नेहमी दुःखाच्या सुरात उच्चारतो. वास्तविक शब्द फोडून पाहिला तर भ्रम नाहीसा झाला, एवढाच त्याचा अर्थ. भ्रम गेला म्हणून माणसाने रडावे का? तरीही रडू येते. आणि ज्याच्यावर विश्वास टाकला त्याच धर्मोपदेशकाच्या तोंडून तो भ्रम मोडला, तर ते रडू घशातच अडकून राहते.

लोणावळ्यात रेल्वेत नोकरी केलेले एक ख्रिस्ती गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. त्यांचे आजोबा नगर जिल्ह्यातील महारवाड्यातून ख्रिस्ती झालेले. पाण्यापासून देवळापर्यंत सगळीकडे दार बंद असताना ज्यांनी दार उघडले, त्यांच्याकडे ते गेले. यात त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आपणांस नाही. या गृहस्थांच्या घरी तरुण मुलाचा मृत्यू झाला. मिस्साच्या वेळी फादरांनी प्रवचन केले. मनुष्यजात मूळची पापी आहे, दुःख ही परीक्षा आहे, क्रूस मुकाट्याने वाहावा, असा त्याचा आशय होता. फादर वाईट मनुष्य नव्हते. दवाखान्यात रात्रभर बसणारे ते एकटेच होते. परंतु मुलगा गेला तो कंत्राटदाराने सुरक्षेचा पट्टा न देता उंचावर चढविल्यामुळे, आणि त्या पट्ट्याचा, त्या कंत्राटदाराचा प्रवचनात उल्लेखही नव्हता. "माझ्या पोराचे पाप सांगितले, मारणाऱ्याचे सांगितले नाही," असे ते गृहस्थ आम्हांस म्हणाले.

हे ऐकून आपल्यातील काहींना बरे वाटेल. 'बघा, तिकडे गेले असतो तर हेच झाले असते,' असे म्हणण्याचा मोह होतो. हा मोह थोडा वेळ बाजूस ठेवावा, अशी विनंती आहे. कारण प्रश्न तिकडचा असला तरी त्याची मुळे आपल्या अंगणापर्यंत येतात.

बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्माचा विचार उडत उडत केला नव्हता. १९३८ च्या जानेवारीत सोलापुरास ख्रिस्ती बांधवांसमोर बोलताना, बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींनी आपले मन ओढून घेतले, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. आणि त्याच भाषणात दक्षिणेतील चर्चमध्ये जातिभेद पाळला जातो, हेही सुनावले. पुढे धर्मांतरितांच्या स्थितीवर लिहिताना त्यांनी नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवले. अस्पृश्याची दुर्दशा भोवतालच्या समाजाने केलेली आहे. परंतु त्याला जर शिकविले की तुझ्या अधोगतीचे कारण तुझे पापच आहे, तर ती परिस्थिती बदलण्याचा त्याचा जोरच नाहीसा होतो, असे त्यांचे म्हणणे होते. लोणावळ्याच्या त्या गृहस्थांनी बाबासाहेबांचे ते लिखाण वाचलेले नाही. ते आपल्या दुःखातून त्याच ठिकाणी पोहोचले.

चर्चमध्येही हा प्रश्न पडणारी माणसे आहेत, हे न्यायाने सांगितले पाहिजे. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ मध्ये दलितांविषयीचे धोरण प्रसिद्ध केले आणि चर्चमध्ये अस्पृश्यता व भेदभाव असल्याची कबुली दिली. २०२२ मध्ये हैदराबादचे अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले. कबुली येण्यास किती शतके लागली, हा हिशेब मात्र सोडता येत नाही. सतराव्या शतकात मदुरेत रॉबर्ट दि नोबिली या येशूसंघी धर्मगुरूने ब्राह्मणांना आकर्षित करण्यासाठी ब्राह्मणी वेष आणि आचार स्वीकारला आणि जातिभेदाला हात लावला नाही. पोप पंधरावे ग्रेगरी यांनी १६२३ मध्ये जानवे, शेंडी ठेवण्यास धर्मांतरितांना मुभा दिली. त्या दि नोबिलींच्या नावाची संस्था आज पुण्यात आहे.

आणि याच लोणावळ्यात आणखी एक येशूसंघी होते. फादर अँथनी डी मेलो, जन्म मुंबईचा, १९३१ चा. त्यांनी पुण्यात सुरू केलेली साधना संस्था १९७८ मध्ये लोणावळ्यास आली. आनापान, सजगता, विपश्यना यांचा त्यांनी परिचय करून घेतला होता. त्यांच्या शिबिरांत माणसाचे भ्रम मोडणे हेच काम चाले. श्रोत्याला गोंजारून झोपविण्यापेक्षा हलवून जागे करावे, अशी त्यांची रीत. ते १९८७ मध्ये न्यूयॉर्कला वारले. अकरा वर्षांनी, १९९८ मध्ये, व्हॅटिकनने त्यांच्या लेखनातील काही मते कॅथलिक श्रद्धेशी विसंगत असल्याचे जाहीर केले. त्या पत्रकावर कार्डिनल रात्सिंगर यांची सही होती. तेच पुढे पोप झाले.

आपली शिकवण कोणती आणि कोणती नव्हे, हे सांगण्याचा हक्क कोणत्याही संघटनेस आहे. त्याबद्दल तक्रार नाही. परंतु एका प्रवचनाने मनुष्याचे मन मोडते ते शिकवणीशी सुसंगत ठरते, आणि दुसऱ्याने मनुष्य जागा होतो ते विसंगत ठरते, तेव्हा मोजपट्टी कोणाच्या हातात आहे, हे श्रोत्याने विचारले पाहिजे.

आता आपल्याकडे वळू. आपल्या एखाद्या विहारात वर्षावासाच्या प्रवचनात, मागील जन्मीच्या अकुशल कर्मामुळे मनुष्य दरिद्री कुळात, हीन कुळात जन्मतो, असे सांगितलेले आपण ऐकले नाही काय? ऐकणाऱ्या आईच्या मनात काय येत असेल? महारवाड्यात जन्मलो तो आमच्याच कर्माने! मग मूळ पाप आणि हे पूर्वकर्म यांत फरक तो काय राहिला? चीवराचा रंग तेवढा निराळा. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हा पूर्वकर्माचा सिद्धांत बुद्धाचा म्हणून स्वीकारण्यास साफ नकार दिला. गरिबांच्या दैन्याची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकावी, यापलीकडे असल्या सिद्धांताचा उपयोग काय, असा त्यांचा रोखठोक प्रश्न आहे. बुद्धवचन ओळखण्याची कसोटीही त्यांनी दिली: जे बुद्धीला आणि तर्काला धरून नाही, जे माणसाच्या कल्याणाचे नाही, ते बुद्धाच्या नावावर खपवू नये.

ही मुभा बाबासाहेबांनी बाहेरून आणलेली नाही. भोगनगरात तथागतांनी भिक्खूंना सांगितले की, हे मी प्रत्यक्ष भगवंतांच्या मुखातून ऐकले, असे कोणी म्हणाला तरी लगेच मान डोलवू नका, लगेच धिक्कारूही नका. सुत्ताशी आणि विनयाशी ताडून पाहा, जुळले नाही तर सोडून द्या. वीमंसक सुत्तात तर स्वतः तथागतालाच तपासून पाहण्यास सांगितले आहे.

मळवलीच्या एका बाजूस भाजे, दुसऱ्या बाजूस कार्ले. कार्ल्याला सहलीला जाणारे बहुतेक जण चैत्याची कमान पाहून परततात. तेथील शिलालेखात नहपानाचा जावई उषवदात याने वर्षावासात राहणाऱ्या भिक्खूंच्या निर्वाहासाठी करजिक गाव दिल्याची नोंद आहे. मावळचा पाऊस आपणांस ठाऊक आहे. जे भिक्खू त्या डोंगरात तो काढत, त्यांना वर्षावास संपताना पवारणा करावी लागे. माझ्याकडून काही चुकल्याचे पाहिले, ऐकले किंवा शंका आली असेल तर सांगा, अशी याचना प्रत्येकाने संघाला करावयाची. श्रावस्तीत स्वतः बुद्धाने हे विचारले होते. आपल्या विहारांत हार, फोटो आणि खीर होते; धम्मदेशना संपल्यावर उपासकाने उभे राहून शंका विचारली तर चार जण त्याचा सदरा ओढून खाली बसवतात.

आमचे म्हणणे असे की, प्रवचनाने मन विटले तर दोन सोप्या वाटा टाळाव्यात. आपलीच श्रद्धा कच्ची, असे म्हणून गप्प बसणे ही एक. सगळे धर्म, सगळे भिक्खू सारखेच, असे म्हणून घरी बसणे ही दुसरी. दोन्हींत तपासण्याचे कष्ट वाचतात. उपदेशक चुकला की उपदेश चुकला, की आपणच त्याच्याकडून नको ते मागितले, हे वेगळे करून पाहावे लागते, आणि ते ओसरीवर चार माणसांत बसून केले तर बरे. मुलांनाही तेथे बसू द्यावे.

एक अडचण उरतेच. ज्याच्या घरी प्रेत आहे त्याने कसोट्या कशा लावायच्या? त्या दिवशी त्याला ताडून पाहण्याचे बळ नसते, म्हणून त्या दिवशी बोलणाऱ्याची जबाबदारी दुप्पट असते. किसा गोतमी मेलेले मूल कडेवर घेऊन आली, तेव्हा तथागतांनी तिला ना पूर्वकर्म सांगितले, ना परीक्षा. जेथे कोणी मेले नाही अशा घरून मूठभर मोहरी आण, म्हणून त्यांनी तिला पाठविले. ती दारोदार गेली आणि प्रत्येक दारात कोणी तरी तिला आपले गेलेले माणूस सांगू लागले.