गे गेम्स कोणाचे?

ट्रान्स खेळाडूंना महिलांच्या स्पर्धांत घ्यावं की नाही, हा वाद पेटला की एक वाक्य हमखास कानावर येतं : 'त्यांच्यासाठी वेगळे गे गेम्स आहेतच की, तिकडे खेळावं!' बोलणाऱ्याला वाटतं, आपण मोठा समंजस तोडगा सुचवला. मला या वाक्याची चीड येते. खेळातल्या निकषांवर वाद जरूर व्हावा, शास्त्राच्या आधारे व्हावा. पण माणसांना बाहेर ठेवण्यासाठी ज्या स्पर्धेचं नाव पुढे केलं जातं, ती स्पर्धा कोणालाही बाहेर ठेवायचं नाही म्हणूनच सुरू झाली होती.

सुरुवातीची हकिगत परिचित आहे. अमेरिकेचे डॉ. टॉम वॅडेल १९६८च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये डेकॅथलॉनमध्ये सहावे आले. त्यांनी १९८२मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'गे ऑलिम्पिक गेम्स' भरवायचं ठरवलं. उद्घाटनाला तीन आठवडेही उरले नव्हते, तेव्हा अमेरिकन ऑलिम्पिक समितीने न्यायालयाकडून मनाई हुकूम मिळवला आणि 'ऑलिम्पिक' हा शब्द काढून टाकावा लागला. बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंच्या 'स्पेशल ऑलिम्पिक्स'ला तो शब्द वापरायची मुभा होती, समलिंगींना नव्हती. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २५ जून १९८७ रोजी निकाल समितीच्या बाजूने लागला. समितीने खटल्याच्या खर्चापोटी वॅडेल यांच्या घरावर बोजाही चढवला होता. निकालानंतर अडीच आठवड्यांत, ११ जुलैला, एड्सने त्यांचं निधन झालं.

या प्रसंगाचा जो अर्थ सर्रास लावला जातो, तो मला साफ चुकीचा वाटतो. म्हणतात, खऱ्या ऑलिम्पिकची बरोबरी करता आली नाही, नावही गेलं, म्हणून मग 'जिंकण्यापेक्षा सहभाग महत्त्वाचा' असं म्हणत या मंडळींनी आपल्यापुरता वेगळा मेळावा मांडला. म्हणजे हरलेल्यांची समजूत! 'तिकडे खेळावं' हे वाक्य याच समजातून निघतं.

पण घटनांचा क्रम तपासा. पात्रता फेरी नाही, देशाची निवड समिती नाही, वयाची आडकाठी नाही, हे सगळं न्यायालयाचा हुकूम येण्याआधीच ठरलेलं होतं. प्रौढांच्या मास्टर्स स्पर्धांप्रमाणे वयोगट ठेवून, आपली स्वतःची सर्वोत्तम कामगिरी गाठणं हेच ध्येय मानलं होतं. आणि मुख्य म्हणजे, भाग घ्यायला समलिंगी असण्याची अट पहिल्या दिवसापासून नव्हती. केझार स्टेडियमवर जमलेल्या सुमारे १,३५० खेळाडूंना कोणी 'तुम्ही कोण?' असं विचारलं नाही. शब्द हिरावला गेला तो नंतर, आणि त्याने यातला एकही नियम बदलला नाही.

हे नियम दुबळेपणातून आले, असंही म्हणता येत नाही. वॅडेल यांनी निवडीची कठोर चाळणी स्वतः पार केली होती. मेक्सिकोत टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या कृष्णवर्णीय अमेरिकी धावपटूंनी वर्णभेदाच्या निषेधार्थ पदक समारंभात मुठी उंचावल्या, तेव्हा लष्करात डॉक्टर असूनही वॅडेल यांनी त्यांची उघड पाठराखण केली. राष्ट्राभिमान आणि पदकांची मोजदाद खेळाडूचं काय करते, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. निवडीची ती चाळणी त्यांनी जाणूनबुजून काढून टाकली. १९८६च्या दुसऱ्या स्पर्धेत, एड्सचं निदान झालेलं असतानाही, ते भालाफेकीत उतरले आणि सुवर्णपदक जिंकले. जिंकण्याचं त्यांना वावडं नव्हतं. जिंकणाऱ्यांपुरतंच मैदान असावं, हे त्यांना मान्य नव्हतं.

पुढची वाढ थोडक्यात सांगतो. १९९४मध्ये न्यूयॉर्कला दहा हजारांहून अधिक खेळाडू आले. त्याआधीच्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्येही इतके नव्हते. एचआयव्हीग्रस्त परदेशी पाहुण्यांना तेव्हा अमेरिकेत प्रवेशबंदी होती. या स्पर्धेसाठी सरकारला खास सवलत द्यावी लागली. पुढे पैसा आणि नियंत्रण यांवरून फूट पडली आणि २००६मध्ये शिकागो आणि माँट्रियल अशा दोन स्पर्धा झाल्या. माँट्रियलहून सुरू झालेली आउटगेम्सची परंपरा २०१७मध्ये मायामीत ऐन वेळी कोलमडली. २०२३मध्ये हाँगकाँग आणि ग्वादालाहारा या शहरांनी मिळून यजमानपद घेतलं आणि गे गेम्स प्रथमच आशियात आले.

या वाटेवर आयोजकांचाही तोल गेला, हे लपवू नये. न्यूयॉर्क आणि त्यानंतरच्या ॲमस्टरडॅम स्पर्धेत ट्रान्स खेळाडूंकडून वैद्यकीय कागदपत्रं मागितली गेली. ज्यांनी चाळणी नाकारली, त्यांनीच एका गटासाठी ती परत आणली. त्यावर टीका झाली आणि २००२च्या सिडनी स्पर्धेत माणूस रोजच्या आयुष्यात ज्या लिंगओळखीने जगतो, तिला मान देणारं धोरण स्वीकारलं गेलं. ही दुरुस्ती बाहेरून लादलेली नव्हती. मूळ कल्पनेनेच ती करायला लावली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. कोणत्याही क्रीडा संघटनेला एखाद्या खेळाडूला प्रवेश नाकारायचा असेल, तर तिने स्वतःची कारणं स्वतःच्या नावावर मांडावीत आणि त्यांची जबाबदारी घ्यावी. गे गेम्सकडे बोट दाखवून ती टाळू नये. ती स्पर्धा नाकारलेल्यांची सोय लावण्यासाठी उभी राहिलेली नाही. तिथे तुम्हीही नाव नोंदवू शकता.