अर्जातला खरेपणा

अमेरिकेत ग्रीन कार्डावर राहणाऱ्याला नागरिक व्हायचे असेल, तर ‘एन-४००’ हा अर्ज भरावा लागतो. कायम निवासाची ५ वर्षे (नागरिकाशी विवाह झालेला असल्यास बहुधा ३), त्यातला निदान निम्मा काळ प्रत्यक्ष त्या देशात वास्तव्य आणि चांगले नैतिक चारित्र्य या त्याच्या प्रमुख अटी. पहिल्या दोन कॅलेंडरवर मोजता येतात. तिसरीचा पुरावा बराचसा अर्जदाराच्या स्वतःच्या उत्तरांतूनच मिळतो. इथे नीतीचा एक जुना प्रश्न उभा राहतो: जे दुसऱ्या कोणालाच ठाऊक नाही, तेही सांगायला माणूस बांधील आहे का?

तयारीचा मोठा भाग हिशेबाचा असतो. गेल्या ५ वर्षांत परदेशी केलेली, २४ तास किंवा त्याहून अधिक काळाची प्रत्येक फेरी तारखांसह लिहायची असते. पासपोर्टवरचे पुसट शिक्के, तिकिटांच्या जुन्या ईमेल, आईच्या आजारपणामुळे लांबलेला पुण्यातला मुक्काम, हे सगळे जुळवावे लागते. फेरी ६ महिन्यांच्या वर गेली, की सलग निवास खंडित झाल्याचे गृहीत धरले जाते आणि तो टिकला हे अर्जदाराला सिद्ध करावे लागते. तारीख आठवडाभर इकडेतिकडे करण्याचा मोह होतो तो इथेच. विस्मरण हा अपराध नाही. मुलाखतीत अधिकारी शपथ देऊन उत्तरे तपासतो तेव्हा चूक दुरुस्त करता येते. जाणूनबुजून लिहिलेली चुकीची तारीख मात्र चूक नसते.

अटक न झालेला एखादा गुन्हा कधी केला आहे का, असेही हा अर्ज विचारतो. २०१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात, खोटे सांगून मिळवलेल्या नागरिकत्वाबद्दलच्या मस्लेन्याक खटल्याच्या सुनावणीत सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी सरकारी वकिलांना याच प्रश्नावर अडवले. ताशी ५५ मैलांची मर्यादा असताना कोणी ६० च्या वेगाने गाडी चालवली, पकडला गेला नाही आणि अर्जात ते लिहिले नाही, तर त्याचे नागरिकत्व काढून घ्यायचे का? मुद्दाम लपवल्याचे सिद्ध झाले तर होय, असे उत्तर आले. न्यायालयाने ते मानले नाही. नागरिकत्व मिळण्यात ज्या असत्याचा वाटा होता, त्यावरूनच फौजदारी कायद्याखाली ते हिरावता येईल, असा निकाल लागला. याच न्यायालयाने १९८८ मध्ये कुंगिस खटल्यात दुसरी बाजूही मांडली होती: लाभ मिळवण्याच्या हेतूने शपथेवर तोंडी खोटे सांगितले, तर ते क्षुल्लक होते ही सबब चारित्र्याच्या अटीपुढे चालत नाही.

पहिला निकाल असत्याचा परिणाम पाहतो, दुसरा हेतू. शिक्षेसाठी परिणामाचे माप योग्यच आहे, कारण राज्यसत्तेच्या हाती त्याहून मोठा अधिकार देणे घातक ठरेल. स्वतःला तपासताना मात्र हेतूचेच माप खरे. महाभारतात युधिष्ठिराचा शब्द अक्षरशः खरा होता. अश्वत्थामा नावाचा हत्ती मेलाच होता. पण ‘हत्ती’ हा शब्द द्रोणांना ऐकू जाऊ नये असा उच्चारलेला होता, आणि जमिनीच्या चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला. मनात काही हातचे न राखता, टाळाटाळीचा हेतू न धरता, ही अमेरिकी शपथेतली अट असल्या अर्धसत्याचीच वाट बंद करते.

या खरेपणाची किंमत काहींनी फार जबर मोजली. हंगेरीत जन्मलेल्या शांततावादी रोझिका श्विमर यांना, देशरक्षणासाठी शस्त्र उचलाल का, असे अर्जात विचारले होते. पन्नाशीच्या आसपासच्या त्या स्त्रीला कोणीही रणांगणावर पाठवणार नव्हते. ‘होय’ लिहिले असते तर ते कधी तपासलेही गेले नसते. त्यांनी ‘नाही’ म्हटले, आणि १९२९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना नागरिकत्व नाकारले. येल विद्यापीठातले धर्मशास्त्राचे प्राध्यापक डग्लस मॅकिंटॉश यांनी, युद्ध न्याय्य वाटले तरच लढेन, असे सांगितले. १९३१ मध्ये त्यांचाही अर्ज फेटाळला गेला. खोटे बोलणाऱ्याला आत घेणारा आणि खरे बोलणाऱ्याला बाहेर ठेवणारा हा नियम अन्यायाचाच होता. जिरूआर या अॅडव्हेंटिस्ट पंथीयाच्या खटल्यात १९४६ मध्ये न्यायालयाने तो उलटवला. आज धर्मश्रद्धेमुळे शस्त्र न उचलणाऱ्याला तो भाग वगळून शपथ घेता येते. देवाचा उल्लेखही टाळता येतो.

भारतीय अर्जदाराला आणखी एक कसोटी आहे. शपथेत परक्या राज्याशी असलेली निष्ठा पूर्णपणे सोडावी लागते, आणि १९५५ च्या कायद्यानुसार भारताचे नागरिकत्व तिथेच संपते. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड प्रवासाची व निवासाची सोय देते, मतदानाचा हक्क देत नाही. मन याला तयार नसेल, तर अर्ज न करणे हेही प्रामाणिक उत्तर आहे. ग्रीन कार्ड साधारणपणे दर १० वर्षांनी नवे करून घेता येते.