वरकस जमिनीची भूक

झाड वाढवायचं म्हणजे त्याला भरवायचं, ही समजूत आपल्या हाडीमाशी मुरली आहे. पालघरकडचा शेतकरी उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, काटक्या पसरून राब भाजतो आणि पाऊस आला की त्याच जागेत भाताचं बी टाकतो. लावणीनंतर खाचरात खताची मूठ पडते. बोईसरच्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाराही खिडकीतल्या रोपांना चहाचा धुतलेला चोथा घालतो. माया करायची ती घालून, हे आपण आईकडून आणि शेतीकडून शिकलो.

कीटकभक्षी झाड हौसेने घरी आणलं, की हीच माया त्याच्या मुळावर येते. कुंडीत काळी माती, वर शेणखताची ओंजळ, रोज बोअरचं पाणी; एवढं लाभलं की थोड्याच आठवड्यांत पानं काळवंडू लागतात. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, अजून थोडं खत घालून बघू.

ही झाडं जिथली आहेत तिथे नत्र आणि स्फुरद जवळजवळ नसतंच. कातळावर चार बोटं माती, तिच्यातून पावसाचं पाणी सतत वाहतं आणि विरघळेल ते सगळं घेऊन जातं. सातबाऱ्यावर जी जमीन वरकस किंवा पोटखराब म्हणून लागते, नाचणी-वरईसुद्धा जिथे जेमतेम येते, तसल्या जागी कोकणात पावसाळ्यात दवबिंदूचं रोप उगवतं. पानांवर लालसर केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. मुंगी किंवा चिलट त्यावर टेकलं की अडकलं. त्याच्याच आसपास सीतेची आसवं फुलतात, निळी-जांभळी, नखाएवढी. साताऱ्याजवळच्या कास पठारावर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यांचे गालिचे पाहायला गर्दी लोटते. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलेलं हे पठार. फुलांचे फोटो निघतात, पण त्या झाडाचा खरा कारभार चिखलात चालतो. तिथे मोहरीहून लहान फुगे असतात. फुग्यातलं पाणी झाड आधीच बाहेर टाकून ठेवतं, त्यामुळे आतला दाब कमी असतो. दारावरच्या केसाला एखादा सूक्ष्म जीव लागला की सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात तो पाण्यासकट आत ओढला जातो. वनस्पतींच्या जगात इतकी चपळ हालचाल फार थोड्या ठिकाणी दिसते. आणि या झाडाला खरी मुळंच नसतात.

चार्ल्स डार्विनला दवबिंदूच्या कुळाने १८६०मध्ये वेड लावलं. पुढची कितीतरी वर्षं तो त्या पानांवर मांसाचे कण, दूध, अंड्याचा पांढरा बलक ठेवून पाहत होता. साखर आणि पिष्टही ठेवून पाहिलं. नत्र असलेल्या पदार्थांवर पानांचे केस वाकत, साखरेची आणि पिष्टाची त्यांना पर्वा नसे. १८७५ साली त्याचं कीटकभक्षी वनस्पतींवरचं पुस्तक निघालं. नवख्याला लागणारं जवळजवळ सगळं ज्ञान त्या एका निरीक्षणात आहे. हे झाड आपलं अन्न इतर झाडांसारखं उन्हातूनच तयार करतं. किडा हवा तो जमिनीने जे दिलं नाही त्यासाठी. म्हणून त्याला भरपूर ऊन द्यावं आणि मातीतून काहीही देऊ नये.

मला या झाडांविषयी जे प्रेम वाटतं ते इथूनच. कुणालाच नको असलेल्या जागेत ती राहिली, जागेबद्दल तक्रार न करता त्यांनी पानाचंच हत्यार केलं, आणि आता ती जागा सुधारली तर ती जगू शकत नाहीत. माळावर खत पोहोचलं की गवत माजतं आणि ही बुटकी रोपं त्याच्या सावलीत संपतात. मुरमासाठी माळ खरवडला गेला तर तेवढीही संधी उरत नाही. कागदावर पडीक दिसणारी जमीन रिकामी असतेच असं नाही, हे जमीन मोजणाऱ्यांनी आणि विकत घेणाऱ्यांनी एकदा जुलैत त्या माळावर गुडघे टेकून बघायला हवं.

घरी वाढवायचं तर आधी पाण्याचा विचार. तारापूरच्या किनारपट्टीला बोअरचं पाणी अनेकदा मचूळ लागतं. ते या झाडांना चालत नाही. लिटरमागे पन्नास मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेलं पाणी हवं. आरओचं चालतं, पण फिल्टर शेवटी क्षार परत मिसळणारा नको. सगळ्यात चांगलं आणि फुकटचं म्हणजे पावसाचं. कारखान्यांच्या पट्ट्यात पहिल्या सरी पत्र्यावरची धूळ धुऊन जाऊ द्याव्यात, मग जुलैत पिंप भरून झाकून ठेवावं. कोकोपीट स्वस्तात मिळतं, पण नारळाची सोडणं पुष्कळदा खाऱ्या पाण्यात भिजवलेली असतात. चार-पाच पाण्यांतून पिळून काढल्याशिवाय ते वापरू नये. मातीच्या कुंडीतूनही क्षार उतरतात, प्लास्टिकची बरी.

झाड कोणतं, हा प्रश्न हवामानाने सोडवून ठेवला आहे. सगळ्यांना हवं असतं ते व्हीनस फ्लायट्रॅप. अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलिनाच्या एका छोट्या किनारी पट्ट्यातलं ते झाड हिवाळ्यात खरी थंडी मागतं, थंडीत झोपतं. पालघरचा डिसेंबर त्याला झोपू देत नाही, आणि दोनेक वर्षांत ते थकून जातं. शिवाय घरी येणारा प्रत्येक पाहुणा त्याच्या सापळ्यात बोट घालतो. वीसेक सेकंदांत आतल्या केसांना दोनदा स्पर्श झाला तरच तो मिटतो, इतकं मोजूनमापून वागणारं हे पान आयुष्यात काही थोड्याच वेळा मिटू शकतं. त्यातली एक वेळ आपल्या गमतीत जाते.

त्यापेक्षा घटपर्णी घ्यावी. भारतातली रानातली एकमेव घटपर्णी मेघालयातली, आणि तिच्या व्यापारावर कडक बंधनं आहेत, तिला हात लावायचा नाही. पण रोपवाटिकांत तयार केलेल्या संकरित जाती मिळतात. आपली दमट हवा त्यांना मानवते. दुपारच्या उन्हाला आड असलेली, सकाळचं ऊन येणारी बाल्कनी पुरते. घटात मटणाचा तुकडा टाकू नये. तो सडतो आणि घट वाळतो. मुंग्या स्वतः येतात.

दुसरं, ड्रॉसेरा बर्मानी, म्हणजे दवबिंदूचीच एक जात. शाळेतल्या विज्ञानामुळे ड्रॉसेरा हे नाव पुष्कळांच्या कानावरून गेलेलं असतं. रुपयाच्या नाण्याएवढं, जमिनीलगत चक्रासारखं पसरणारं, भारतातच रानात वाढणारं रोप. कासवरून किंवा कुठल्याही माळावरून ते उपटून आणू नये. बी मागवावं, धुतलेल्या कोकोपीटमध्ये वाळू मिसळून वर नुसतं भुरभुरावं, मातीने झाकू नये. कुंडी पाण्याच्या थाळीत ठेवावी. फुलं येतात, परागण आपलं आपणच होतं, काळं बारीक बी भरपूर पडतं, आणि मग रोप वाळून जातं. मेलं म्हणून ती कुंडी रिकामी करू नका. थाळीत पाणी ठेवत राहा. पुढची रोपं त्याच मातीत असतात.